लिस्बन बघताना प्रत्येक इमारतीला एकच प्रश्न विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन लिस्बनला तीन दिवस आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, जुन्या इमारतींची आवड तिघांनाही आहे, आणि नेटवर जिकडे बघावं तिकडे तीच पिवळी ट्राम नि तीच कस्टर्डची टार्ट, मग नक्की काय बघायचं आणि कसं. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी पुण्यात जुने वाडे नि देवळं दुरुस्त करायचं काम करतो, वीस-बावीस वर्षं झाली. लिस्बनला पहिल्यांदा गेलो ते चुन्याच्या कामाच्या एका वर्कशॉपसाठी, मग दोनदा विद्यार्थ्यांना घेऊन आणि एकदा बायकोबरोबर नुसतं फिरायला (ती म्हणते नुसतं फिरणं काही झालंच नाही, मी दर भिंतीला हात लावत बसलो). त्यामुळे माझं उत्तर टूर कंपनीवाल्याचं नसणार, भिंतवाल्याचं असणार.

तर प्रश्न हा : १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी ही इमारत कुठे होती? म्हणजे होती का, पडली का, अर्धी पडली का, की नंतर बांधली. त्या दिवशी ऑल सेंट्सचा सण, सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या, आणि समुद्रात प्रचंड मोठा भूकंप झाला. आधी चर्चं लोकांच्या अंगावर कोसळली. वाचलेले नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे पळाले तर थोड्या वेळाने तेजू नदीतून त्सुनामीच्या लाटा आत आल्या. आणि मेणबत्त्यांनी लावलेली आग पाच-सहा दिवस जळत राहिली. हे डोक्यात असलं की लिस्बनमधली प्रत्येक गोष्ट कळायला लागते, नाहीतर सगळं नुसतं सुंदर सुंदर दिसतं आणि संध्याकाळी हॉटेलवर एकही आठवत नाही.

पहिला दिवस बायशाला द्या. बायशा म्हणजे खालचा सपाट भाग, डोंगरांच्या मधला, बाबांना इथे चढ नाही. सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकापासून करा, नकाशात नाव प्रासा दु कोमेर्सिउ असतं पण लिस्बनकर अजून तेरेइरु दु पासुच म्हणतात, म्हणजे राजवाड्यापुढचं अंगण. राजवाडा १७५५ ला गेला, अडीचशेहून जास्त वर्षं झाली, नाव काही जात नाही, आपल्याकडे लोक अजून व्हीटीच म्हणतात ना तसं. त्या राजवाड्याबरोबर काय काय गेलं याचा विचार करा : राजाचं ग्रंथालय, जेमतेम सहा-सात महिन्यांपूर्वी उघडलेलं ऑपेरा हाउस, आणि कासा दा इंडिया, म्हणजे आपल्याकडच्या मिऱ्याचा सगळा कारभार जिथून चालायचा ते ऑफिस. चौकाच्या मधोमध घोड्यावर बसलेला आहे तो राजा जोझे पहिला, पुतळा १७७५ चा. गंमत अशी की भूकंपानंतर या माणसाने दगडी छताखाली झोपायची इतकी धास्ती घेतली की आजुदाच्या टेकडीवर लाकडी बांधकामात राहिला. पुतळ्याच्या चौथऱ्याला फेरी मारा, एका बाजूला हत्ती आहे. हत्ती तुम्हाला या शहरात पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

चौकातून कमानीखालून आत गेलात की सरळसोट काटकोनातल्या गल्ल्या लागतात आणि इथेच बहुतेक लोक कंटाळून पुढे निघून जातात, कारण इमारती सगळ्या सारख्या, नक्षी नाही काही नाही. माझ्या मते लिस्बनमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे आणि ती दिसत नाही, कारण ती भिंतीच्या आत आहे.

झालं असं की राजाचा मंत्री, ज्याला पुढे मार्केस द पोंबाल म्हणाले, त्याने कारभार हातात घेतला. इंजिनियर मानुएल दा माया तेव्हा ऐंशीच्या जवळ आलेला म्हातारा. त्याने भूकंपानंतर जेमतेम महिनाभरात, ४ डिसेंबरला, पर्याय लिहून दिले : होतं तसंच बांधायचं, का रस्ते रुंद करून बांधायचं, का सगळं सपाट करून नव्याने आखायचं, का हे सोडून बेलेंकडे नवीन शहरच वसवायचं. ठरलं सपाट करून नवीन आखायचं, आणि प्रत्यक्ष आराखडा एउजेनिउ दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल यांच्या हातून उतरला. आणि घरांच्या आत त्यांनी घातला गायोला, म्हणजे पिंजरा. पहिल्या मजल्यापासून वर लाकडाचा सांगाडा, उभे खांब, आडव्या तुळया आणि प्रत्येक चौकटीत तिरके दांडे फुलीसारखे, मग ती पोकळी दगड-चुन्याने भरायची आणि वरून प्लास्टर. जमीन हलली तर दगड पडेल पण पिंजरा उभा राहील, माणूस वाचेल. सांगतात की नमुन्याचा सांगाडा चौकात उभा करून सैनिकांना त्याच्याभोवती पाय आपटत फिरवलं, हलवून बघायला. शिवाय दोन घरांच्या मधल्या भिंती छताच्याही वर काढल्या, आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. या वर आलेल्या भिंती उंचावरून बघितल्या की लगेच ओळखू येतात.

मी पहिल्यांदा ती उघडी फुली बघितली तेव्हा खरं सांगतो मला किल्लारी आठवली. १९९३ ला तिथे माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या वजनाखाली. आणि आपल्या पुण्याच्या वाड्यात खांब-तुळईचा सांगाडा असतो, सागवान असतं, कारागिरी तर विचारूच नका, पण तिरका दांडा सहसा नसतो. एवढ्या एका दांड्याचा फरक. आता बायशात काही हॉटेलांत आणि दुकानांत प्लास्टर काढून ही फुली मुद्दाम उघडी ठेवलीय, कॉफी प्यायला आत गेलात की भिंतीकडे बघत जा. आणि गायोलाची सर्वात मोठी शत्रू आहे आजची रिनोव्हेशन, दुकानाला मोठा हॉल हवा म्हणून तळमजल्याचे खांब काढतात, लिफ्टसाठी फुल्या कापतात. आपल्याकडे वाड्याच्या ओसरीचं शटरवालं दुकान करताना जे होतं तेच.

या भागातल्या एका गल्लीत, रुआ दुश कोर्रेइरुश, एका बँकेच्या इमारतीखाली रोमन काळातली मासे खारवायची टाकी सापडली, ती बघता येतात, गाइडबरोबरच आत सोडतात म्हणून आधी बुकिंग करा. तिथेच खाली पोंबालच्या वेळचे लाकडी खुंट दिसतात. ही सगळी वस्ती नदीच्या गाळावर आहे, पाण्याने भरलेल्या जमिनीत हजारो खुंट ठोकून त्यावर पाया घातलाय, आणि लाकूड पाण्याखाली राहतंय तोवर टिकतं, पाणी खाली गेलं की कुजायला लागतं. म्हणजे पाया कोरडा ठेवायचा हा आपला नेहमीचा नियम इथे बरोबर उलटा.

गल्ल्यांची नावंही वाचा, सोनारांची, चांदीवाल्यांची, चांभारांची, धंद्याप्रमाणे वाटणी. आणि नावं वाचता वाचता बाबांना सांगा की आपल्या साइटवर रोज जे शब्द ऐकू येतात त्यातले मिस्त्री, घमेलं, बिजागरी, चावी हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेत. पगारसुद्धा.

रोसिउ चौकाच्या मागे साओ दोमिंगुश नावाचं चर्च आहे, बाहेरून काहीच वाटत नाही, यादीत बऱ्याचदा नसतंही. आत जा. भूकंपात मोडलं, परत बांधलं, १९५९ ला आग लागून आतून जळालं, आणि दुरुस्ती करताना जळकट तडकलेले खांब तसेच ठेवले, फक्त वरचं छत नवीन केलं. मी विद्यार्थ्यांना इथे अर्धा तास नुसतं बसवतो. आपण काम करताना सगळं नवंकोरं करून टाकतो, देवळावर ऑइलपेंट मारतो, आणि इथे जखम तशीच ठेवल्यामुळे जागेत काय उतरलंय ते बघा. या चर्चमधूनच १५०६ ला ज्यूंची कत्तल सुरू झाली होती, बाहेर चौकात २००८ पासून त्याचं स्मारक आहे, तेही वाचा.

संध्याकाळी कार्मु. चढायचं नाही, युक्ती सांगतो : बायशा-शियादु मेट्रो स्टेशनला खालच्या गल्लीकडून आत शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वर शियादुकडे बाहेर पडा, अख्खी टेकडी आपोआप चढून होते. लोक सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टला तासभर रांग लावतात. लिफ्ट सुंदर आहे, १९०२ ची, ४५ मीटर उंच, पण ती खालून बघण्यात जास्त मजा, आणि तिच्या वरच्या पुलाजवळ तुम्ही कार्मुच्या बाजूने चालतच पोचता. कार्मु हा १३८९ ला सुरू झालेला मठ, भूकंपात छत गेलं, आणि ते परत कधी पूर्ण झालंच नाही. आज वर नुसत्या कमानी आणि त्यामधून आकाश. मुद्दाम ठेवलेला अवशेष वाटतो पण तसं नाही, पुन्हा बांधायला घेतलं होतं, मध्येच थांबलं, मग लोकांना तेच आवडायला लागलं. समोरच्या छोट्या चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही संपली, तेव्हाचा पंतप्रधान कायतानु इथेच लपला होता आणि शरण आला. चौकात झाडाखाली बाकं आहेत, बाबांना तिथे बसवा.

दुसरा दिवस बेलें. सोमवार असेल तर दिवस बदला, बेलेंमधलं मुख्य सगळं सोमवारी बंद असतं. बेलें शहरापासून सहा-सात किलोमीटर, आणि इथे भूकंपाने फार मोडतोड केली नाही, त्यामुळे १७५५ च्या आधीचं लिस्बन बघायचं तर इथे. जेरोनिमुश मठ मानुएल राजाने १५०१-०२ च्या सुमारास काढला, आणि पैसा कुठून आला तर आफ्रिका नि पूर्वेकडच्या व्यापारावर लावलेल्या पाच टक्के करातून. म्हणजे सरळ बोलायचं तर मलबारच्या मिऱ्यातून. आत शिरल्यावर चर्चचे खांब बघा, किती सडपातळ आहेत आणि वर केवढं छत पेललंय, खजुराची झाडं वर जाऊन फुटावीत तसं. मला विचाराल तर मठाच्या चौकापेक्षा (तिकीट त्याला आहे, रांगही त्यालाच) हे चर्च जास्त मोठं काम आहे. जुआंउ द काश्तील्यु या माणसाने मधला आडवा भाग मध्ये एकही खांब न देता दगडी छताने झाकलाय, १५२२ मध्ये. आणि ते छत १७५५ मध्येही टिकलं. दगड लियोश नावाचा चुनखडीचा, ताजा असताना पांढरा, मग मधासारखा पिवळसर होतो, संध्याकाळच्या उन्हात बघा. कोरीवकामात जहाजाचे दोर, गाठी, समुद्री वनस्पती, सगळं दगडात.

दाराजवळ वास्को द गामाची कबर. तो कोचीनला १५२४ मध्ये मेला, हाडं नंतर पोर्तुगालला नेली, आणि इथे थाटात आणली ती थेट १८८० मध्ये. आणि आत मुख्य वेदीच्या बाजूला राजांच्या कबरी आहेत त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर. सांगितलं होतं ना हत्ती भेटणार म्हणून. आमच्या ग्रुपमधली एक मुलगी गोव्याची होती, ती तिथे बराच वेळ गप्प उभी होती, मग म्हणाली की सर, पैसा आमच्याकडचा आणि कबर यांची. मी काय बोलणार.

बेलेंचा बुरूज, तोरें द बेलें, १५१४ नंतर पाच-सहा वर्षांत बांधला, तेव्हा तो पाण्यात होता, काठ नंतर त्याच्याकडे सरकला. मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद केला होता, जाण्याआधी वेबसाइट बघून घ्या, पण खरं तर आत अरुंद गोल जिना आहे, बाबांना नकोच. बाहेरून एक गोष्ट शोधा, पश्चिमेकडच्या एका गुमटीखाली गेंड्याचं तोंड. झिजलंय, पण आहे. गुजरातच्या सुलतानाने गोवा घेणाऱ्या अल्बुकेर्कला गेंडा भेट दिला, तो गोव्याहून जहाजाने मे १५१५ मध्ये इथे उतरला, रोमन काळानंतर युरोपने बघितलेला पहिलाच गेंडा. जर्मन चित्रकार ड्युररने न बघता नुसत्या वर्णनावरून त्याचं चित्र काढलं आणि खांद्यावर एक जास्तीचं शिंग लावून दिलं. राजाने मग तो पोपला पाठवला आणि बिचारा इटलीजवळ जहाजाबरोबर बुडाला.

शेजारचं जहाजाच्या आकाराचं मोठं स्मारक १९४० मध्ये प्रदर्शनासाठी तात्पुरतं केलेलं, १९६० मध्ये काँक्रीट-दगडात पक्कं केलं. हुकूमशाहीचा प्रचार आहे, लांबून बघितलं तरी पुरे. टार्ट खा, गरम असते, बस्स.

तिसरा दिवस अल्फामा, म्हणजे साओ जोर्ज किल्ल्याच्या टेकडीवरची जुनी वस्ती, आणि इथे गुडघ्यांचं आधी ठरवा. लोक २८ नंबरच्या ट्रामने जातात, मीही गेलो, गर्दीत माझं पाकीट गेलं आणि अर्धा दिवस पोलीस चौकीत. ट्राम बघायची हौस असेल तर सकाळी लवकर शेवटच्या स्टॉपवरून बसा, नाहीतर सोडा. किल्ल्याकडे जायला ७३७ नंबरची बस आहे, किंवा त्याहून चांगलं, बायशातल्या रुआ दुश फांकेइरुश गल्लीत एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट, वरच्या गल्लीत सोडते, तिथून थोडं चालून सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन लिफ्टांत बरीचशी टेकडी संपते. जुन्या फ्युनिक्युलरच्या (चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यांच्या) भरवशावर मात्र प्लॅन करू नका, सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाच्या डब्याला भयंकर अपघात झाला, १६ माणसं गेली.

किल्ल्याबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, पण साओ जोर्जचे जे बुरूज नि कंगोरे फोटोत दिसतात त्यातलं बरंचसं १९३८ ते ४० च्या दरम्यान हुकूमशहा सालाझारच्या काळात उभं केलेलं आहे. जागा खरी, मुस्लिम काळातला किल्ला, ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु एन्रिकेश याने घेतला हेही खरं, आणि नजारा अप्रतिम. पण जुना किल्ला बघतोय म्हणून भिंतीला हात लावाल तर तो बऱ्याच ठिकाणी तुमच्या आजोबांच्या वयाचा दगड असेल. राज्याचे कागद ठेवायचा बुरूज इथेच होता, भूकंपात पडला, आणि ढिगाऱ्यातून ते कागद वाचवणारा कोण तर तोच म्हातारा मानुएल दा माया.

किल्ल्यापेक्षा खालचं अल्फामा खरं जुनं आहे, घरं नाही तर गल्ल्यांची ठेवण. टेकडीचा कडक दगड असल्यामुळे भूकंपात बरीच तगली. उतरताना घाई नको, उतार गुडघ्याला चढापेक्षा वाईट, आणि तिथली छोट्या चौकोनी दगडांची फरसबंदी थोडा पाऊस पडला की साबण लावल्यासारखी होते, ऑक्टोबरात पाऊस असतोच. रबरी सोलचे बूट, आणि बाबांना काठी, लाजायचं नाही. वाटेत साओ व्हिसेंत द फोरा या मठाला नक्की थांबा, मुंबईकरांनी तर थांबलंच पाहिजे. ब्रागांसा या पोर्तुगालच्या राजघराण्याच्या कबरी इथे आहेत आणि त्यातच कॅथरिन, जिच्या १६६१ च्या लग्नकरारात मुंबई बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण गेली ती. नवरा वारल्यावर ती लिस्बनला परत आली आणि इथेच गेली. आई-बाबा मुंबईचे असतील तर माहेरवाशिणीला भेटून आलो म्हणायला हरकत नाही.

नदीच्या बाजूला खाली कासा दुश बिकुश, हिऱ्यासारख्या टोकदार दगडांची दर्शनी भिंत, १५२३ च्या सुमाराची, गोवा घेणाऱ्या अल्बुकेर्कच्या मुलाने बांधलेली. वरचे दोन मजले १७५५ मध्ये गेले आणि परत चढवले ते थेट १९८० च्या दशकात, खालचं जुनं आणि वरचं नवं वेगळं ओळखता येतं का बघा.

आणि सांता एन्ग्रासिया, पांढरा घुमट, आताचं राष्ट्रीय स्मारकस्थळ. काम सुरू १६८२, पूर्ण १९६६. पोर्तुगीज माणूस न संपणाऱ्या कामाला अजून 'सांता एन्ग्रासियाचं काम' म्हणतो, आपण मारुतीचं शेपूट म्हणतो तसं. पुण्यातल्या कुठल्याही फ्लायओव्हरखाली उभं राहून हा किस्सा सांगितला की लोक पटकन समजतात.

सिंत्रा, म्हणजे लिस्बनजवळचं राजवाड्यांचं गाव, यावेळी सोडा. तीन दिवसांत ते घुसवलंत तर दोन्हींचं वाटोळं. पाऊसच लागला तर टाइल्सच्या म्युझियमला जा (उघडं आहे का आधी बघा), तिथे भूकंपाआधीच्या अख्ख्या लिस्बनचा सुमारे २३ मीटर लांब निळ्या टाइल्सचा देखावा आहे, पहिल्या दिवशी ज्या राजवाड्याच्या रिकाम्या अंगणात उभे होतात तो राजवाडा त्यात शाबूत दिसतो.

शेवटचं, मंगळवारी नि शनिवारी सांता एन्ग्रासियाच्या मागे जुना बाजार भरतो, फेइरा दा लाद्रा. तिथे सुट्या जुन्या टाइल्स विकायला असतात, निळ्या, कडा फुटलेल्या, मागे चुना चिकटलेला. मोह होईल. घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी भिंतीवरून रात्रीतून उपटलेल्या असतात, आता असल्या टाइल्सच्या भिंती काढायला कायद्याने बंदी आणली तरी हे चालतंच. आठवण म्हणून हवी तर नवीन घ्या, हाताने रंगवलेली, मागून स्वच्छ. आईला किचनमध्ये लावायला एक पुरे होईल.